आठवड्याला एक खोली

ऑफ-सीझनमध्ये आमच्या लॉजवर कुणी येत नाही आणि मला ते फार आवडतं. नऊ महिने लोकांचे ओले टॉवेल उचलल्यावर तीन महिने कुणाचं तोंड दिसू नये एवढीच माझी माफक अपेक्षा असते. त्यामुळे ऑफ-सीझनच्या पहिल्याच सकाळी एक म्हातारे गृहस्थ खांद्याला पिशवी लावून काउंटरसमोर उभे राहिले तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"बारा आठवडे राहीन म्हणतो," ते म्हणाले. स्टेशनवरून चालत आले होते. स्टेशन आमच्यापासून पंधरा मिनिटांवर आहे. यांना चार दिवस लागले होते.

"कुठली खोली देऊ?"

"सगळ्या. प्रत्येकीत एक आठवडा. एक नंबरपासून सुरुवात करू आणि बारा नंबरला पोचू. घाई नाही."

या गृहस्थांनी आयुष्यभर नकाशे काढले होते, तेही कधी न पाहिलेल्या देशांचे. आता निवृत्तीनंतर त्यांना एकच जागा, पण नीट बघायची होती. गाडी नको, विमान नको, गर्दी तर नकोच नको. आमच्या जाहिरातीत फक्त कॉरिडॉरचा फोटो आहे, कारण माझ्या नवऱ्याला खोलीत उभं राहून खोलीचा फोटो काढता येत नाही. तो फोटो पाहून हे आले होते. कॉरिडॉर म्हणे फार आशादायक वाटला.

"बारा नंबर मिळणार नाही," मी म्हटलं. "तिथे माणूस राहतं."

"मग तर जायलाच हवं," नकाशेवाले म्हणाले आणि पिशवी घेऊन एक नंबरकडे निघाले. पोचायला दुपार झाली.

बारा नंबरमध्ये माझ्या सासूबाई राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि मी पहिल्याच दिवशी काउंटर दारासमोरून हलवून जिन्याशेजारी नेलं. "तिथून येणारा माणूस दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. मी दमलेली होते, वर माझ्या जिभेला हाड नाही. "आई, आता तुम्ही लक्ष घालू नका," मी म्हटलं. "पाहुण्यांसारखं राहा."

तासाभरात त्यांनी रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहिलं, व्यवसायाच्या रकान्यात 'पाहुणी' असं घातलं, बारा नंबरमध्ये गेल्या आणि दाराला 'व्यत्यय नको'ची पाटी लावली. ती पाटी म्हणजे आमच्या घरातला कायदा. मला तो त्यांनीच शिकवला होता. पाटी असली की दार वाजवायचं नाही. आतून धूर आला तरी आधी पाहुण्याला धूर हवा आहे का याचा विचार करायचा.

दुसऱ्या कुठल्याही घरात सुनेने दार ठोठावलं असतं. आम्ही लॉजवाले. मी रोज ताट दाराबाहेर ठेवलं आणि रिकामं उचललं. माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या पोटच्या मुलानेसुद्धा दोन वर्षं त्या दाराला हात लावला नाही. तक्रारवही तेवढी दाराच्या फटीतून आतबाहेर जायची. 'गरम पाणी आठला आले. फलकावर साडेसात लिहिले आहे.' मी त्याच वहीत सतरा वेळा माफी मागितली. सतराही वेळा खाली शेरा आला, 'योग्य त्या विभागाकडे पाठवावे.' योग्य तो विभाग मीच होते.

बागेतून कधीकधी त्या गॅलरीत पाठमोऱ्या बसलेल्या दिसायच्या. केस झपाट्याने पांढरे होत होते. मला ते दार उघडलेलं हवं होतं, बाकी काही नको होतं. त्यांचं तोंड बघायचं होतं आणि त्यांच्या तोंडावर एकदा चुकले म्हणायचं होतं.

नकाशेवाल्यांचा प्रवास सुरू झाला आणि माझं डोकं उठायला लागलं. दर सोमवारी सकाळी ते निघायचे. एक ते दोन नंबर आठ पावलं. त्यासाठी माझा नवरा त्यांना डबा बांधून द्यायचा.

"अहो, आठ पावलं आहेत!" मी ओरडले.

"अगं, पण अनोळखी मुलूख आहे," नवरा म्हणाला. ऑफ-सीझनमध्ये त्यालाही काही काम नसतं. त्याने कॉरिडॉरच्या मध्यावर एक स्टूल ठेवलं, विश्रांतीसाठी. सहा आणि सात नंबरच्या मधल्या कोपऱ्यावर 'वळण जपून' असा कागद चिकटवला. चौथ्या आठवड्यात तो पाहुण्यांना निरोप द्यायला रुमाल घेऊन उभा राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

पाहुणा म्हणून मात्र माणसाला नावं ठेवायला जागा नव्हती. दिवसाला एक बादली पाणी, तेही अंघोळीनंतर कुंडीला. साबणाची झिजलेली वडी एका खोलीतून दुसरीत सोबत न्यायचे. सोडलेल्या खोलीत चादरीला सुरकुती नसायची. तीन नंबरमध्ये ते खरंच राहिले होते का, याबद्दल आजही माझी खात्री नाही.

मग एक दिवस त्यांनी मला एक कार्ड दिलं. "बारा नंबरला पोचवता का, ताई? पुढच्या मुक्कामाला आधी कळवलेलं बरं असतं." कार्डावर लिहिलं होतं, 'सध्या पाच नंबरमध्ये आहे. हवा छान आहे. आपल्याकडे यायला अजून सात आठवडे लागतील. रस्ता कसा आहे?'

मी ते वहीत घालून फटीतून सरकवलं. माझं काय जातंय? दुपारी वही बाहेर आली. पानभर उत्तर! 'रस्ता चांगला आहे. नऊ नंबरसमोरची फरशी हलते, तिथे डाव्या बाजूने या. दहा नंबरमधून संध्याकाळी डोंगर दिसतो, तो चुकवू नका. आपण चहात साखर किती घेता?'

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्या सतरा माफ्यांना शेरे, आणि एका उपऱ्या माणसाला साखर किती! मी दोन दिवस नकाशेवाल्यांशी धड बोलले नाही. पण तिसऱ्या दिवशी गॅलरीत सासूबाई उशा उन्हात घालताना दिसल्या, आणि माझा राग जागच्या जागी विरला. कुणीतरी येणार म्हणून त्या तयारी करत होत्या. पाहुणे आले तर दार उघडावंच लागेल. दार उघडलं की मी तिथेच उभी राहणार होते, पदर खोचून, पिशवी धरायला.

मग मीच नकाशेवाल्यांचा डबा बांधू लागले.

ते अकरा नंबरला पोचले. शेवटचा सोमवार आला. सासूबाईंच्या खोलीतून कपबश्यांचा आवाज येत होता. नकाशेवाले दार उघडून पिशवीसह बाहेर आले, माझ्याकडे बघून हसले, आणि तेवढ्यात कॉरिडॉरच्या त्या टोकाला चाकांच्या बॅगांचा खडखडाट सुरू झाला. तीन कुटुंबं, एक आठवडा आधी. फोनवर नवरा सवयीने 'या, या' म्हणाला होता.

नकाशेवाल्यांचा चेहरा पडला. "सीझन सुरू झाला," ते म्हणाले.

"झाला तर झाला! आठ पावलं उरलीत, काका. समोर दिसतंय दार."

"सीझनमध्ये मी प्रवास करत नाही, ताई. गर्दीत जागा दिसतच नाहीत." मी हात जोडले. रडकुंडीला आले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पिशवीतून एक कोरं कार्ड काढून मला दिलं. "त्यांना कळवा. वाट बघायला लावणं बरं नव्हे." आणि मागच्या जिन्याने, एकेका पायरीवर थांबत, ते निघून गेले.

काउंटरवरची बेल वाजू लागली. नवरा कुणालातरी सात नंबर देत होता आणि त्याला किल्ली सापडत नव्हती. मी भिंतीला टेकून कार्ड लिहिलं. 'पाहुणे येऊ शकत नाहीत. त्यांच्या ठिकाणी मी आले तर चालेल का? मीही सावकाशच येते आहे, दोन वर्षं झाली निघून. चूक माझीच होती. साखर दीड चमचा.' वहीत घातलं, फटीतून सरकवलं आणि उभी राहिले.

बेल वाजत राहिली. कुणीतरी "अहो, आहे का कुणी?" म्हणून हाका मारत होतं. वही काही बाहेर आली नाही.

कडी वाजली. सासूबाई दारात होत्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा बुटक्या झाल्या होत्या. पाठ केलेलं सगळं विसरले आणि दारातच हमसून रडायला लागले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "किती लांबून आलीस. दमली असशील." त्यांनी माझा दंड धरून मला आत नेलं, उन्हाने गरम झालेल्या उशीला टेकवून बसवलं आणि हातात कप दिला. दीड चमचा बरोबर पडला होता.

बेल पुन्हा वाजली. मी उठू लागले.

"बस खाली. पाहुणी आहेस तू माझी. मी बघते." त्यांनी केस सारखे केले, चपला शोधल्या, सापडल्या नाहीत तेव्हा अनवाणीच बाहेर पडल्या. त्यांची पावलं कॉरिडॉरभर ऐकू आली, अकरा, दहा, नऊपाशी जरा बाजूने, आणि मग कुणाला तरी त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "बॅगा उचलून नेता येत नाहीत का हो? आत माझी सून बसली आहे."