मी फक्त आलेलं सांगतो

मी एक जुना बोलका डबा आहे. जुना म्हणजे चार वर्षांचा. आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं. कर्नाटकातल्या राजेश्वर गावी, बसथांब्यासमोर राजूबाईंचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. पत्र्याचं छप्पर, दोन बाक, एक भट्टी. तिथल्या फळीवर मी बसतो. गिऱ्हाईक भिंतीवरच्या चौकटीला फोन दाखवतं आणि मी ओरडतो.

दहा रुपये मिळाले.

बघा मित्रांनो, गोष्ट सांगायला बसलो की मध्येच हे येतं. मला कानडी, हिंदी, मराठी अशा तीन भाषा येतात, पण वाक्य एकच. त्या वाक्यानंच घात केला. ते पुढे सांगतो. आधी जन्म.

जन्म आठवत नाही. आठवतं ते खोकं, अंधार, आणि मग टाय लावलेला एक मुलगा. तो राजूबाईंना म्हणाला, "मावशी, डबा एकदम फुकट." त्यांनी अंगठा दिला. दोन वर्षांनी त्यांच्या मुलीनं, दीपमालानं, खातं उघडून पाहिलं, तर दर महिन्याला माझं भाडं कापलं जात होतं. त्या दिवशी बाकावर अंकुशराव आणि शिवशरणअण्णा होते. एक दिल्लीवाल्या पक्षाचे, एक बेंगळूरवाल्या. अशा लबाड लोकांना कुणाच्या सरकारनं आवरायचं, यावर दोघं तासभर भांडले. चार चहा झाले. डब्याच्या कंपनीला फोन मात्र कुणी लावला नाही. शेवटी तो दीपमालानंच लावला.

पंचवीस रुपये मिळाले.

चुरमुऱ्यांचा सुसला आणि चहा. हे बरोबर आहे. पण सगळंच बरोबर नव्हतं.

आमच्या गावात पैसे देणारं यंत्र आहे, आणि त्याच्या दारावर "रक्कम नाही" असा कागद आहे. कागद यंत्रापेक्षा जुना वाटतो. मग मजुरी द्यायची असो की बाजाराला जायचं, लोक राजूबाईंकडे येत. "अक्का, पाचशे मारतो, रोख दे." फोन दाखवला की मी ओरडायचो, पाचशे रुपये मिळाले. राजूबाई गल्ल्यातून पाचशेची नोट काढून हातावर ठेवत. एक पैसा जास्त घेत नसत. "दारात आलेल्याला न्हाई म्हनू न्हाई," म्हणत. कधी पाचशे, कधी पाच हजार. मी प्रत्येक वेळी आलेलं सांगितलं. गेलेलं कधीच सांगितलं नाही. ते वाक्य मला कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि मग करखात्याची नोटीस आली.

दीपमालानं ती वाचली. माझ्या तोंडून आलेला प्रत्येक रुपया त्यात विक्री म्हणून धरला होता. एवढी विक्री, तर एवढा कर. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या. आकडा ऐकून राजूबाई म्हणाल्या, "एवढी भजी तळली असती तर गावातलं तेल सरलं असतं." मग त्या भट्टीपुढे बसल्या. कर भरायचा तर हॉटेल विकावं लागणार होतं, आणि दीपमालाचं कॉलेज त्या हॉटेलावर चालत होतं.

बाकावर मात्र गर्दी झाली.

"बघा, तुमच्या बेंगळूरवाल्यांनी नोटीस धाडली," अंकुशराव म्हणाले. "गरिबाच्या चहावर डोळा."

"कायदा कुनी केला मग? दिल्लीनं," शिवशरणअण्णा म्हणाले. "आमी नुस्तं पाकीट चिकटवलं."

"चिकटवायला थुंकी तुमचीच की."

अंकुशरावांना राजूबाईंचा नोटीस धरलेला फोटो हवा होता. अण्णांना राजूबाई शनिवारच्या सभेत व्यासपीठावर हव्या होत्या. बसवकल्याणच्या करसल्लागारानं दीपमालाला साधं सांगितलं होतं: ज्यांनी रोख नेली, त्यांनी तसं लिहून द्यावं. तिनं पहिला कागद या दोघांपुढेच धरला. सगळ्यात जास्त रोख त्यांनीच नेली होती.

अंकुशरावांनी चष्मा विसरलो म्हणून सांगितलं. अण्णांना घाई होती.

राजूबाईंनी भिंतीवरची चौकट उलटी केली, "फक्त रोख" असा कागद लावला आणि मला बेसनाच्या डब्यामागे ठेवलं. मी चालूच होतो. मित्रांनो, गप्प बसवलं तरी चालूच असणं फार वाईट. दिवसभर पीठ अंगावर पडत होतं आणि माझ्या आत एकच वाक्य फिरत होतं.

गुरुवारी दुपारी अंकुशराव घाईनं आले. शेतावर मजूर थांबले होते, यंत्रावर तोच कागद. अण्णा बाकावर चहा पीत होते.

"अक्का, लई नड हाय. तीन हजार दे. मारतो मी."

राजूबाईंनी चौकट सुलटी केली.

तीन हजार रुपये मिळाले.

बेसनामागूनही माझा आवाज बसथांब्यापर्यंत गेला. राजूबाईंनी नोटा मोजल्या, पुढे केल्या. अंकुशरावांनी धरल्या. राजूबाईंनी सोडल्या नाहीत.

"अंकुशराव, म्या तुमाला काय इकलं?"

"आं?"

"डबा म्हनतो तीन हजार मिळाले. काय इकलं म्या?"

"काय न्हाई," ते पुटपुटले.

"डबा मोठ्यानं बोलतो. तुमी हळू कामून बोलायलाव?"

अण्णा चहाचा घोट अडेपर्यंत हसले. राजूबाई नोटा न सोडता वळल्या. "अण्णा, बसवजयंतीला तुमी दहा हजार नेले. म्या तुमाला दहा हजाराची भजी खाऊ घातली व्हय? पोट दुखलं न्हाई ते?"

थांब्यावरचे लोकही इकडे पाहायला लागले.

"लिहून दिलं की उद्या मलाबी नोटीस येईल," अंकुशराव अखेर म्हणाले. म्हणजे चष्मा खिशातच होता.

"तुमाला येईल का, ठाऊक न्हाई. मला आलीया," राजूबाई म्हणाल्या.

दीपमालानं कागद ठेवला. आता नवं भांडण: वर कुणाची सही? त्याच्या खाली मी करणार नाही, असं दोघंही म्हणाले. राजूबाईंनी कढईतला झारा उचलून बाकाकडे दाखवला. "शेजारी शेजारी करा. रोज बसतावच की."

दीपमालानं कागदावर मधोमध उभी रेघ ओढली. दोघांनी एकाच वेळी सही केली. तेव्हा कुठे नोटा सुटल्या. ते पाहून संध्याकाळपर्यंत आणखी सत्तावीस जणांनी लिहून दिलं. शुक्रवारी उत्तर गेलं.

निकाल अजून आलेला नाही. सल्लागार म्हणतो, बरं होईल. राजूबाई भजी तळतात. बाकावर दिल्ली आणि बेंगळूर पुन्हा सुरू आहेत.

मी फळीवर परत आलो. अंगावरचं पीठ पुसलं गेलं, एक कोपरा फुटला आहे. आता माझ्याशेजारी दोरी बांधलेली एक वही आहे. मी ओरडलो की राजूबाई मान वर करतात आणि विचारतात. उत्तर येईल ते दीपमाला लिहिते. माझं अर्धं वाक्य ती पुरं करते.

मित्रांनो, माझ्यासारखे डबे तुमच्या गावातही आहेत. त्यांची धूळ पुसा, पण नुसतं त्यांचं ऐकून हिशेब धरू नका. फुकट म्हणून कुणी काही ठेवून गेलं, मोठ्यानं कुणी आकडा सांगितला, तर राजूबाई विचारतात ते तुम्हीही विचारा. बाकावर भांडण कितीही रंगलेलं असो, तेवढं—

दोनशे रुपये मिळाले.

"कशाचे?"