सावलीबाईंचा सरळ एक्स-रे

दाताच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाईंना डॉक्टर 'सावलीबाई' म्हणत, तेही पेशंटसमोर. बाईंचा गुन्हा एवढाच की, तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या धाकट्या भावाच्या एक्स-रेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, इथे दोन दाढांच्या फटीत कीड वाटतेय."

"सावली आहे ती! तुमचं काम बटण दाबायचं. बघायला मी बसलोय." मग भावाला म्हणाले, "सहा महिन्यांनी या."

सहा महिन्यांनी दाढ उपटावी लागली. 'चुकलं' हा शब्द मात्र डॉक्टरांच्या तोंडातून कुणाला उपटता आला नाही. बाई गप्प राहिल्या. गप्प बसलेलं माणूस विसरतं, असं समजणाऱ्याचा हिशेब कच्चा असतो.

यंदा दवाखान्यात एक्स-रेमधली कीड हुडकणारा एआय आला. मिरवायला डॉक्टरांनी चार दंतवैद्य मित्र चहाला बोलावले.

"माझ्याच तोंडाचा काढा, सावलीबाई. बघू दे यांना निरोगी दात!"

बाईंनी काढला. पडद्यावर डॉक्टरांच्या खालच्या दाढेभोवती लाल चौकोन उमटला.

"सावली असेल," डॉक्टर हसले. "यंत्र नवं आहे. परत काढा." आणि खुर्चीत टेकता टेकता बाईंच्या कानाशी पुटपुटले, "एक्स-रेची नळी जरा तिरकी धरा."

तिरक्या एक्स-रेत दाढा एकमेकींवर चढतात आणि फटीतली कीड झाकली जाते. बटण दाबून दाबून बाईंना एवढं कळलं होतं.

"तिरकी कशाला, डॉक्टर?" त्या चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बघायला तुम्ही बसलाय ना?"

नळी त्यांनी सरळ सुतात धरली. चौकोन पुन्हा तिथेच.

एक मित्र चष्मा सावरत पुढे झुकला. "अरे लेका, कीड चांगली खोल गेलीय की!"

बाईंनी शांतपणे भावाचा जुना एक्स-रे उघडून एआयपुढे टाकला. लाल चौकोन बरोब्बर त्यांनी बोट ठेवलं होतं तिथे.

"ही पण सावलीच ना?"

चहा निवत होता. चौघे मित्र डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होते, आणि या वेळी दातांसाठी नव्हे.

"कीड," डॉक्टर शेवटी म्हणाले. "तेव्हाही कीडच होती. माझं चुकलं."

"मग तुझी दाढ कधी भरायची?" मित्राने विचारलं.

बाईंनी पेशंटच्या तारखांची वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"सहा महिन्यांनी या, डॉक्टर."