कुलूपबंद पंपघरातला फिटर

पंपघराला कुलूप, आत चिटपाखरू नाही, आणि बाहेर मुंगी शिरायला जागा नाही. मांत्रिक बाबांनी हात उंचावून हाक मारली, "फिटर, आलास का रे?" आणि आतला पंप धडधडू लागला. लोकांनी पटापट हात जोडले.

महिन्यापूर्वी ह्याच पंपात सापडून फिटर गेला होता. आता म्हणे त्याचा आत्मा पंप चालवत होता. आत्म्याची इच्छा एकच, बायकोने कंपनीविरुद्धची तक्रार मागे घ्यावी. मेल्यावरही कंपनीची केवढी ती काळजी! सुपरवायझर कागद घेऊन शेजारी उभाच होता.

"वहिनी, सही करू नको," फिटरची धाकटी बहीण म्हणाली. ती तंत्रशाळेत विजेचं काम शिकवायची.

"अगं, त्यांचा जीव अडकलाय तिथे. ऐकलंस ना?"

बहिणीला रडू आवरेना, पण त्याहून जास्त संताप आला होता. तिने किल्ली मागितली.

"आत्मा कोपेल!" बाबा गरजले.

"सख्खा भाऊ आहे माझा. कोपला तर माझ्यावर कोपेल."

लोकांनीच गलका करून सुपरवायझरला किल्ली द्यायला लावली. आत भिंतीवर डब्याएवढं यंत्र होतं, त्याला अँटेना, पोटात सिमकार्ड. बहिणीने शेजारची कळ 'दुरून'वरून 'हाताने'वर फिरवली. पंप थांबला.

"आता बोलवा."

बाबांनी घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारल्या. सुपरवायझर मोबाइलवर बोट दाबून दाबून घामाघूम झाला. पंप ढिम्म. बहिणीने कळ परत फिरवली, त्याच्या हातातला फोन हिसकावला आणि वहिनीपुढे धरला. "हे हिरवं बटण दाब."

वहिनीने दाबलं. पंप धडधडला. तिने दचकून हात मागे घेतला.

"मग... त्या दिवशी कोणी दाबलं होतं?"

यंत्र प्रत्येक हुकमाची नोंद ठेवतं, ती पुसता येत नाही. बहिणीने फोनवरची ती यादी मागे सरकवली. अपघाताची तारीख, सकाळचे दहा चाळीस, सुपरवायझरचा नंबर. पंपाला हात लावण्याआधी कळ 'हाताने'वर फिरवायची, हे दादाला पाठ होतं. पण कळ फिरवली की मुख्य कचेरीच्या पडद्यावर पंप बंद असल्याचा लाल दिवा लागतो, म्हणून सुपरवायझर साहेबांनी मनाई केली होती. दादाने साहेबांचं ऐकलं.

बाबा केव्हाच पसार झाले होते. वहिनी जमिनीवर बसली होती.

बहीण गर्दीकडे वळली. "मेलेला माणूस बटण दाबत नाही. पुन्हा असं काही आपोआप चालू झालं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, बटण कोणाकडे आहे?"