घरची डॉक्टर

राजनंदिनीला कुठली शाखा घ्यायचीय, हे विचारायची तीर्थपुरीत कुणाला गरजच वाटली नव्हती. पोरगी एमबीबीएस झाली म्हणजे आता बायकांची डॉक्टर होणार, हे गावाने परस्पर ठरवून टाकलं होतं. नवल म्हणजे तिलाही तेच हवं होतं. इंटर्नशिपला बाळंतपणाच्या वॉर्डात बाकीचे वैतागायचे, ही मात्र ड्युटी संपली तरी तिथेच घुटमळायची. पुढच्या शिक्षणाचा पसंतीक्रम भरताना तिने स्त्रीरोग सगळ्यात वर टाकलं आणि पॅथॉलॉजी तळाला. रविवारी मुदत संपत होती, आणि त्याच दिवशी ती जालन्याहून गावी आली.

घरात पाऊल टाकते तो चुलत भावजय शालू कळा देऊन देऊन अर्धमेली झालेली. पहाटेच पाणी गेलं होतं, आणि आता दुपार टळली होती.

“दवाखान्यात का न्हाई नेलं?”

“तू येऊन राह्यली होती ना,” शालूची सासू, नंदाकाकू म्हणाली. “घरची डॉक्टर असताना परक्याच्या हाती कशाला द्यायचं?”

राजनंदिनी पुढचं ऐकायला थांबली नाही. शेजारच्या पप्पूची जीप काढून शालूला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनला घेतलं. शालू वाचली, बाळ गेलं.

बाहेरच्या बाकावर राजनंदिनी काकूच्या शिव्यांची वाट बघत बसली. काकूने उलट तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“तुझा काय दोष, माय? तू अजून शिकून राह्यली. एकदा बायकांची डॉक्टर होऊन ये. पुढच्या खेपेला शालूला कुठंच नेणार न्हाई. तू कितीबी लांब अस, आम्ही वाट बघू.”

काकूच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, आणि राजनंदिनीला त्याचीच धडकी भरली. समजावलं तर काकू मान डोलावणार आणि करायचं तेच करणार, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिने मोबाईल काढला. पॅथॉलॉजी सगळ्यात वर नेली, स्त्रीरोग यादीतून काढूनच टाकलं आणि अर्ज लॉक केला. जीव तुटत होता, पण बोट थांबलं नाही.

“काकू, मी बायकांची डॉक्टर होणार न्हाई. माझी वाट कुणी बघू नका.”

“मंग आमचं कोण?” काकूने विचारलं, आणि नातू गेल्यापासून आवरून धरलेलं तिचं रडू तेव्हा फुटलं.