मानाच्या नारळाची गोळी

आमच्या मालकांची नजर गेली, असं सगळी वाडी म्हणत व्हती. म्हणू द्या, लोकांच्या तोंडाला काय हात लावता येतोय? पण पुढं मालक बी तेच म्हणाय लागले, आन तितनं माझं डोस्कं फिरलं.

मी तानुबाई. आटपाडीच्या पल्याड आमची वाडी. हितं दसऱ्याला बिरोबाच्या माळावर नारळ फोडायचा मान आमच्या घराला हाय. हातानं न्हवं, बंदुकीनं. बाभळीच्या फांदीला सुतळीनं नारळ टांगायचा आन देवळाच्या पायरीवर उभं ऱ्हाऊन ठासणीच्या रायफलीनं एकच गोळी मारायची. नारळ फुटला की मंग गाव सोनं लुटतंय. हुकला तर पुजारी तो दगडावर आपटून फोडतो, आन मानकरी खाली बघत घरी येतो. वळीनं तीन वर्सं हुकला तर मान दुसऱ्या घराला जातो. ही बंदूक संस्थानच्या काळात मामंजींच्या आज्याला मिळालेली. तवापासनं तीन वर्सं सोडा, दोन बी कधी कुणाचा हुकला नव्हता.

आमच्या मालकांचा हुकला. पयल्या वर्षी वारं व्हतं म्हणून लोक गप बसले. दुसऱ्या वर्षी पान हालत नव्हतं, तरी गोळी कुठल्या कुठं गेली. मालक म्हणले, "बंदुकीत कायतरी हाय." झालं. पारावरचा लालासाहेब लगीच म्हणला, "नाचता येईना आन अंगण वाकडं." मान सुटला तर त्याच्याच घरी जाणार, मंग तो कशाला गप बसंल?

त्या दिवसापास्नं आमचं माणूस पारावर गेलं न्हाई. आमचे मालक, दादासो म्हंजे कोण? उभ्या जन्मात तोंड मिटलं नव्हतं त्यांनी. तीस वर्सं आमी तिकडं तमिळनाडूत, सेलमला गलाईच्या दुकानात काढली, सोनं-चांदी गाळली, तर तिथल्या माणसास्नी त्यांची भाषा येत नव्हती तरी ही बोलायचे आन ती ऐकायची. असलं माणूस वरीसभर मुकं झालं. जेवताना "वाढ" एवढं बी म्हणंनात, ताट सरकवायचे. डोळ्याच्या डाक्टरनं नंबर काढून दिला, चष्मा बी आणला. तो खुंटीला. म्हणले, "नजर गेली तानू. ह्या दसऱ्याला लालासाहेबाला मान दिऊन टाकू, उगं तिसऱ्यांदा हसं नगं." मला रडू बी आलं आन राग बी आला. राग जास्त आला.

आता ऐका. गौरीच्या फराळाला मी शेव पाडत व्हते. आमचा दट्ट्या मोडला व्हता म्हणून शेजारणीचा आणून आमच्या सोऱ्यात घातला. तो पडला बारीक. दाबलं की पीठ जाळीतनं खाली जायचं सोडून दट्ट्याच्या बाजूनं वर येतंय. जोर लावला तर आणखी वर. अर्धी शेव कढईत, अर्धं पीठ माझ्या मनगटावर. मी त्या दट्ट्याला दोन शिव्या दिल्या आन हात तिथंच थांबला.

मला मामंजी दिसले. मी नवी नवरी असताना ते बंदूक ठासायचे. आधी दारू वतायची, मंग नळीच्या तोंडावर तुपात भिजवलेली धोतराची चिंधी, तिच्यावर शिश्याची गोळी, आन वरनं गज. मामंजी गजावर सगळं अंग टाकायचे, तवा कुठं गोळी खाली उतरायची. गेल्या दसऱ्याला मालकांनी ठासली तवा मी शेजारीच व्हते. गोळी सुळकन गेली आन तळाला खुडूक वाजली. गज नुसता दाखवायला.

तेल बंद केलं, माडीवर गेले, बंदूक उतरवली. लायसनवर माझं बी नाव हाय, डाळिंबात रानडुकरं येत्यात म्हणून चढवलंय, तवा मला कुणाच्या बाला इचारायचं कारण नव्हतं. ही रायफल म्हंजे साधी नळी न्हाई. आत पीळ हाय. चिंधीसकट गोळी त्या पिळात घट बसली, तरच ती गरगर फिरत सरळ जाती. ढिली असली तर दारूचा जोर बाजूनं निसटतो, माझ्या सोऱ्यातल्या पिठावानी, आन गोळी जाईल तिकडं जाती.

मी मेणबत्त्या वितळवल्या. नळीत वाईच आत बोळा घातला, तेल लावलं, वरनं मेण वतलं. थंड झाल्यावर हळूच वडून काढलं तर नळीचा ठसा हातात. पिळाच्या कडा पार बोथट झालेल्या. ठसा आन मामंजींच्या साच्यातली गोळी पदरात बांधून मी यष्टीनं विट्याला गेले, माझ्या भावाकडं. गुंडाचं तिथं लेथचं दुकान हाय. त्यानं मापलं. गोळी बारा पॉइंट सात मिलीमीटर. नळी तेरा पॉइंट चार.

गुंडा म्हणला, "आक्का, ही बंदूक मारायची हाय का गोट्या खेळायच्यात?"

"नळी कशानं झिजली रं एवढी? वर्साला एकच तर बार निघतो."

"बारानं न्हाई झिजली. घासून घासून झिजलीया."

आन मला आमची खंडेनवमी आठवली. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची. सगळी माणसं वरनं पुसत्यात, हळदी-कुंकू लावत्यात. आमचे मालक भक्तीत सगळ्यांच्या पुढं, सेलमवरनं बी दर दसऱ्याला गावी यायचे. चिंच, राख, वर वीट कुटून, गजाला तारेची घासणी बांधून नळी आतनं घासायचे. सकाळी बसायचे ते दिवाबत्तीला उठायचे. आत बघितलं तर आरसा पायजे म्हणायचे. वर्सानुवर्सं देवाच्या बंदुकीचं पोट आतनं सोलून काढलं माझ्या नवऱ्यानं. अति तिथं माती म्हणत्यात ती ही.

"गुंडा," मी म्हणलं, "तेरा पॉइंट चारच्या गोळीचा साचा कर."

"आक्का, चिंधीला जागा ठेव की."

"मला शिकवू नगंस. सैल ठिवून हे झालंय, आता गच करायची."

त्यानं केला. घरी येऊन शिसं गाळलं, गोळी पाडली, दारू न घालता नुसतीच ठासून बघितली. चिंधीसकट नळीच्या तोंडातच अडकली. पुढं जाईना, मागं येईना. तासभर तिला कोरत बसले, अंगठ्याचं नख गेलं. मुकाट्यानं परत विट्याला गेले. गुंडा हसला न्हाई, तेवढं चांगलं केलं, न्हाईतर तिथंच त्याला धरला असता. मंग आमी दोघांनी चिंधी मापली. मांजरपाट घेतला, धुऊन मऊ केलेला. दाबल्यावर तो किती जागा खातो ते बघितलं आन गोळी ठरवली तेरा पॉइंट एक. ती अंगठ्यानं जात नव्हती. गजावर अंग टाकलं की जात व्हती. मामंजी टाकायचे तसं.

मालक घरात भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी बंदूक घिऊन आमच्या वड्याच्या कडंला गेले, दरडीला तेलाचा पत्र्याचा डबा लावला. पयल्यांदा जुन्या गोळीनं मारलं. दरडीवर माती उडाली, डबा तसाच. परत मारलं, तर गोळी गेली कुठं तेच कळलं न्हाई. मंग नवी ठासली. डबा टणकन वाजला. आणखी मारल्या. सगळी भोकं माझ्या तळहाताखाली झाकत व्हती. खोटं कशाला बोलू, मी त्या वड्यात एकटीच नाचले.

डबा आणून मालकांच्या पुढ्यात आदळला. त्यांनी भोकांवरनं बोट फिरवलं.

"कुणी मारलं?"

"मी."

"मंग मान बी तूच घे."

"मला मान नगं. तुमची नजर चांगली हाय, एवढं मला दाखवायचंय गावाला. जुन्या गोळीनं मी बी हुकले."

"म्हंजे बाबांचा साचा खोटा?"

"साचा खरा हाय. नळी तुमी मोठी केली, घासून. नजर न्हाई गेली, आवं, नळी गेली."

त्यांनी डबा बाजूला ठिवला. कूस बदलली, आन चष्मा कुठं हाय म्हणून इचारलं.

खंडेनवमीला बघते तर काय, गडी परत वीट कुटत बसलेला, गजाला घासणी बांधून तयार. मी बंदूक हिसकावली. "आज नळीला हात लावला तर मी माहेराला जाईन." म्हणले, "पूजा व्हय गं ही, शास्त्र हाय." म्हणलं, "शास्त्र वरनं करा. आतनं तेलाचा बोळा फिरवीन मी." त्यांनी लय तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

दसऱ्याला माळ माणसांनी फुललेला. पोरं मोबाईल वर धरून उभी. लालासाहेब नवा कोरा फेटा बांधून बाभळीशेजारीच उभा, मान घ्यायलाच आल्यावानी. मालक पायरीवर चढले. कुणीतरी मागनं म्हणलं, "दादासो, चष्मा पुसा चांगला." लोक हसले. हुकला तर हे माणूस परत कधी बोलायचं न्हाई, हे मला पक्कं ठावं व्हतं.

दारू वतली. मी तुपातली चिंधी दिली, गोळी दिली. त्यांनी गज लावला आन सवयीनं बोटांनीच ढकलला. गोळी हालली न्हाई. त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणलं, "अंग टाका." त्यांनी दोन्ही हातांनी गज धरला, सगळा भार टाकला. गोळी हळूहळू उतरली, दारूवर जाऊन बसली, आवाज न करता. कपाळाला घाम आला. त्यांनी गज काढून माझ्या हातात दिला.

बंदूक खांद्याला लागली. बिराप्पा पुजाऱ्यानं भंडारा उधळला. धडाड करून बार झाला आन धुराचा लोट उठला, समोरचं कायच दिसंना. मी डोळे मिटले व्हते, ते उघडायचं धाडस हुईना. मंग पोरांचा कालवा ऐकाय आला. धूर सरला तर बाभळीला नुसती सुतळी लोंबत व्हती, आन नारळाचं पाणी लालासाहेबाच्या नव्या फेट्यावरनं वघळत व्हतं.

तो बी मोठ्या मनाचा, खोटं बोलू नये. तोंड पुसत पुढं आला, मालकांच्या पाया पडला आन म्हणला, "नजर हाय गड्या अजून."

मालक म्हणले, "हाय की. जायला काय झालं?"

आन मंग जे तोंड सुटलं म्हणता. माळावर बोलले, वाटंनं बोलले, घरी आल्यावर सोनं द्यायला येणाऱ्या एकेकाला धरून बसवलं. वारं कसं बघायचं, श्वास कसा धरायचा, नजर कशी लागती, तिकडं ती घार दिसती का तुला, मला दिसती बघ. सगळी नजर, नजर आन नजर. गोळीचं नाव न्हाई, मापाचं न्हाई, माझ्या नखाचं तर न्हाईच. विट्यासनं आलेला गुंडा कोपऱ्यात बसून ऐकत व्हता. शेवटी त्याला दम निघंना. म्हणला, "दाजी, गोळीचं बी सांगा की वाईच."

मी त्याच्या पायावर पाय दिला. म्हणलं, "गप ऱ्हा. वरीसभर ह्या घरात कुणी बोललं न्हाई. बोलू दे त्यांना."

दारात आणखी माणसं आली व्हती. मी आत गेले आन च्याचं आधण वाढवलं.