पुसून घ्या

मी भिंत बोलतेय. भिंतीला कान असतात हे तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना बजावत आलात, तोंडाचं मात्र कुणी नाव काढलं नाही. आमच्या कुळातली आळंदीची एक भिंत चालली म्हणतात. मला काही चालता येत नाही. हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या एका गल्लीत, मराठी मंडळाच्या सभागृहात मी उभी आहे आणि उभीच राहणार आहे. म्हणून आज बोलून बघते.

तशी मी साधी भिंत नव्हे, चितारलेली आहे. माझ्या अंगावर सीतास्वयंवर आहे. मधोमध वरमाला घेतलेली सीता, समोर राम, त्याच्या पायाशी मोडलेलं धनुष्य, मागे माना खाली घातलेले राजे आणि उजव्या कडेला आरतीची ताटं घेतलेल्या सख्या. कागदावर रंग बसतो तसा तो माझ्यावर बसलेला नाही, माझ्या आत मुरलेला आहे. हे कसं झालं ते आधी ऐका, म्हणजे माझं दुःख कळेल.

मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला आणि नोकरीधंद्याला आलेली कितीतरी मराठी घरं इकडेच राहिली, तेव्हाची ही गोष्ट. लग्नकार्याला, गणपतीला आपली एक जागा हवी म्हणून त्यांनी हे सभागृह बांधलं. चित्रासाठी नांदेडकडचे एकनाथराव चितारी आले. सोबत त्यांची बायको गंगू आणि तिच्या कडेवर छोटी कुसुम.

एकनाथरावांनी चुना भिजत घातला आणि महिनोन्‌महिने त्याच्याकडे नुसतं बघत बसले. पंचमंडळी कुरकुरायला लागली. "लोणचं मुरल्याबिगर खाता का तुम्ही?" असं त्यांनी उलट विचारलं. मग त्या चुन्यात बारीक वाळू गेली, गुळाचं पाणी गेलं, बेलफळाचा चिकट रस गेला. ते सगळं गंगूनं हातानं मळलं. रंगही तीच वाटायची. गेरू, पिवळी माती, हिरवा दगड, काजळी. पानाफुलांचे रंग चुना खाऊन टाकतो, माती आणि दगड तेवढे त्याला पचत नाहीत.

रोज जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा माझ्यावर चढायचा. तो ओला आहे तोवरच रंग द्यायचा. वाळता वाळता चुना तो रंग पिऊन घेतो आणि त्याचा दगड होतो. मग पाणी मारा, फडकं मारा, तो हलत नाही. पण हात चुकला तर खोडायची सोयही नाही, तेवढा गिलावा खरवडूनच काढावा लागतो. "ओली भित म्हंजे लहान लेकरू," एकनाथराव म्हणायचे. "आत्ता जे शिकवलं तेच जलमभर."

काम करता करता ते गंगूला आमच्या भावकीच्या गोष्टी सांगत. कुठल्याशा डोंगरातून आग निघाली आणि एक अख्खं शहर राखेखाली गेलं, पण त्या घरांच्या भिंतींवरची बाग आणि बागेतले पक्षी दीड-दोन हजार वर्षांनी तसेच ताजे निघाले. इटलीतल्या चर्चांच्या छतांवर चित्रं काढताना वर बघून बघून चित्रकारांच्या माना धरल्या. राजस्थानात अकीकाच्या दगडानं घोटून घोटून भिंती अशा गुळगुळीत केल्या की बाईनं त्यात बघून कुंकू लावावं. आपल्या वाई-मेणवलीकडेही पेशवाईतल्या भिंतींवर देव आहेत, हत्ती आहेत, नथीतल्या बायका आहेत. मी हे सगळं कान देऊन ऐकायचे. कुठल्या गल्लीतली मी, आणि गोतावळा बघा केवढा!

अजिंठ्याचा विषय निघाला की त्यांचा आवाज उतरायचा. अजिंठा आम्हा सगळ्यांची थोरली, पण तिची रीत निराळी. तिचा गिलावा मातीचा आणि भुश्याचा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर दिलेला रंग. सुक्यावरचा रंग आत शिरत नाही, वरच राहतो, म्हणून तर ती इतकी नाजूक. निजामाच्या अमदानीत तिला सांभाळायला थेट इटलीहून जाणकार बोलावले होते. त्यांनी रंग टिकावा म्हणून वरून लाखेचा हात दिला आणि तोच पुढे पिवळा पडला. "चांगल्या मनानंच केलं की त्यांनी," एकनाथराव म्हणायचे. त्या बोलण्याचा अर्थ मला आत्ता आत्ता कळला.

चित्र संपत आलं होतं. कडेच्या शेवटच्या सखीला गंगूचा चेहरा द्यायचा, असं एकनाथरावांनी मनाशी धरलं होतं. गंगू लाजून "आज नक्को, उद्या बसते" म्हणत रोज टाळायची. शेवटी एक दिवस तयार झाली. त्या सखीपुरता गिलावा चढला, साडी झाली, हात झाले, ताट झालं, आणि गंगू तिथेच तापानं पडली. विषमज्वर होता. एकनाथराव तिला घेऊन दवाखान्याकडे धावले. इकडे माझा गिलावा वाळला. तो कुणासाठी थांबत नाही, मला थांबता आलं असतं तर मी थांबले असते हो.

गंगू परत आली नाही. एकनाथराव आले ते पुष्कळ दिवसांनी, कुसुमला खांद्यावर घेऊन. वाळलेला गिलावा खरवडून नवा चढवणं त्यांना काय अवघड होतं? पण तो चुना गंगूनं मळलेला होता. त्यांचा हात धजला नाही. तिनंच वाटून ठेवलेला रंग त्यांनी डिंकाच्या पाण्यात कालवला आणि सुक्यावरच तिचा चेहरा काढला. रडत होते आणि काढत होते. असा चेहरा माझ्या अख्ख्या अंगावर दुसरा नाही. सीतासुद्धा तिच्यापुढे फिकी.

जाताना त्यांनी पंचांना सांगितलं, "ही सुक्यावरची हाय. हिला पाण्याचा हात लावू नका. कधी काही करायचं झालं तर माझ्या कुसुमला पुसा."

त्यानंतर माझ्यासमोर किती लग्नं लागली म्हणून सांगू! माणसांची एक गंमत आहे. मला पाहायला म्हणून कुणी येत नाही, माझ्याकडे पाठ करून फोटो काढायला येतात. मला खिळे ठोकले, थर्माकोलचे मोर चिकटवले, होमाच्या धुरानं काळी केली. जेवणं झाल्यावर मला टेकून व्याह्यांची उणीदुणी काढली. मी सगळं पोटात ठेवलं.

मला पाहायला येणारी एकच, ती कुसुम. मावशीकडे वाढली, तिथून दिलसुखनगरला सासरी गेली, कुसुमची कुसुमताई झाली. दर संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाला ती इतर बायकांच्या आधी येऊन माझ्यासमोर उभी राहायची. चिमटीत कुंकू घ्यायची, सखीच्या कपाळासमोर हवेतच धरायची आणि म्हणायची, "आई, येते गं." बोट कधी टेकवलं नाही. बापाचं ऐकून जन्मभर तिनं आईला हात लावला नाही.

यंदा संक्रांतीआधी सभागृह रंगवायचं ठरलं. मंडळाचे अध्यक्ष हिम्मतराव मराठवाड्यातले, जुन्या हैदराबादी वळणाचे. ते लेकीकडे नांदेडला गेले होते. नवा सचिव अनिकेत मूळचा पुण्याचा, इथे कंप्युटरच्या कंपनीत आहे. मुलगा गुणी. इतर भिंतींना रंग द्यावा आणि माझं चित्र तेवढं स्वच्छ करून ठेवावं, हा विचार त्याचाच. त्यानं माझ्यासमोर उभं राहूनच हिम्मतरावांना फोन लावला.

"हौ, लावा ना रंग," हिम्मतराव म्हणाले. "फकस्त ते कडेच्या सखीचं तेवढं पुसून घ्या आधी. पुसल्याबिगर हात नक्को लावू."

"हो काका, नक्की. पुसून घेतो."

मी निश्चिंत झाले. आमच्याकडे पुसणं म्हणजे विचारणं. वाट पुसतात, ख्यालीखुशाली पुसतात, मुलीला पसंती पुसतात. कुसुमताईला पुसतील, ती नको म्हणेल, झालं. पुण्याकडे पुसायला फडकं लागतं, हे मला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी अनिकेतची बायको रसिका बादली घेऊन आली. पदर खोचून तिनं मला पुसायला घेतलं. खरं सांगते, सुरुवातीला मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मायेनं अंगावरून हात फिरवत होतं. काजळी निघत होती, रामाचा पिवळा शेला उजळत होता. "अनिकेत, बघ ना, किती पक्का रंग आहे! जरासुद्धा जात नाही," ती हरखून म्हणाली. आणि तशीच पुसत पुसत कडेला गेली. मी ओरडले, पण भिंतीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

फडक्यावर गेरू उतरला. तिला वाटलं, हीपण धूळच. "काकांनी हीच पुसायला सांगितली होती ना?" असं विचारत तिनं फडकं पिळून आणखी एकदा फिरवलं. मग ती थांबली. सखीची साडी होती, हात होते, ताट होतं. वर पांढरा चुना होता.

हिम्मतराव नांदेडहून आले आणि थेट कडेच्या सखीपाशी गेले.

"अरे, पुसा म्हणलो होतो ना मी!"

"काका, पुसलंच की!" अनिकेत कळवळून म्हणाला.

"पुसा म्हंजे इचारा रे बाबा! कुसुमताईला इचारा!"

रसिका तोंडावर हात धरून रडायला लागली. हिम्मतराव आणि अनिकेत, दोघंही मराठीतच बोलले होते, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मग शोधाशोध झाली. मंडळाच्या ग्रुपवर निरोप गेला, घराघरांतून लग्नाचे अल्बम निघाले. माझ्यापुढे लग्न लागलेली इतकी जोडपी, पण सखी कडेची पडली. कुठे ती फुलांच्या कमानीमागे, कुठे वरमाईच्या अंबाड्यामागे, कुठे फोटोच्या बाहेर. एका फोटोत कान आणि गजरा सापडला. बाकी काही नाही.

संक्रांतीला कुसुमताई नेहमीसारखी आधी आली. फोनवर सांगायचा कुणाला धीर झाला नव्हता. रसिकानं दारातच तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. कुसुमताई माझ्यासमोर आली, चिमटीत कुंकू घेतलं आणि हात हवेत तसाच राहिला.

"आपण चांगला चित्रकार बोलावू," अनिकेत चाचरत म्हणाला. "तुम्ही सांगाल तसा चेहरा परत..."

"नक्को रे बाबा. माझ्या आईला दुसरीचं तोंड नक्को."

"मग तुम्हीच सांगा ना," रसिकानं डोळे पुसत विचारलं. "कशा दिसायच्या त्या?"

"मला कुठं आठवतंय गं," कुसुमताई म्हणाली. "मी कडेवरची होते. हिला बघूनच मी आई म्हणत आले."

आणि मग तिनं पुढे होऊन आपला तळहात त्या पांढऱ्या चुन्यावर ठेवला. जन्मात पहिल्यांदा. "आता हात लावला तर काय बिघडतंय," म्हणाली. हात म्हातारा झाला होता. माझ्यात कुठे ओल उरली असती तर तो हात मी तसाच पिऊन घेतला असता.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. गंगूला पाहिलेलं आता या जगात माझ्याशिवाय कुणी नाही. तिच्या डाव्या भुवईत देवीचा वण होता. हसताना खालचा ओठ आधी हलायचा. नाकात चमकी होती, आणि रंग वाटताना कपाळावर आलेली बट ती मनगटानं मागे सारायची, म्हणून तिथे नेहमी गेरूची एक रेघ उमटलेली असायची. ती रेघ एकनाथरावांनी चेहऱ्यात काढली होती. कुसुमताईला वाटायचं, ते कुंकू सांडलंय.

हे तिला कुणीतरी सांगा हो. दिलसुखनगरला राहते, आता थकलीय, पुढच्या संक्रांतीला येईल न येईल. आणि तुमच्या गावात, देवळात, एखाद्या धर्मशाळेत माझ्यासारखी कुणी उभी असेल, तर तिलाही एकदा जाऊन पुसा, बाई गं, तुझ्यावर कोण आहे, कुणी काढलं, कशासाठी काढलं. आमच्यापाशी पुष्कळ आहे सांगण्यासारखं. फक्त येताना हातात फडकं आणू नका.