मागच्या सीटचे तास

"हे आज पुन्हा काहून गा, गोविंदा?" काजलने ड्युटीचा कागद त्याच्या टेबलावर ठेवला. "या आठवड्यात चौथ्यांदा मागची सीट."

गोविंदा वैमानिकांच्या ड्युट्या लावायचा. सकाळचे साडेपाच वाजले होते. त्याने चहात बिस्कीट बुडवलं आणि ते विरघळून पडेपर्यंत मान वर केली नाही.

"मॅडम, मी लावतो का? वरून नाव येते, मी टाइप करतो. माह्या हातात असतं तं तुमाले राष्ट्रपतीच्या विमानात बसवलं असतं."

"महिना संपायले नऊ दिवस राहिले. मले सव्वीस तास पायजेत. नाही झाले तं कॅप्टनची यादी जाते, मंग डायरेक्ट पुढच्या वर्षी."

"माहीत हाये."

"मागं बसलेले तास धरत नाहीत, हेही माहीत हाये?"

"ते तं विमानतळावरच्या कावळ्यालेही माहीत हाये, मॅडम," गोविंदा म्हणाला आणि दुसरं बिस्कीट काढलं.

काजल धकाते नागपूरच्या तांडापेठेतल्या विणकराची मुलगी. बापाने दोन माग विकले तेव्हा तिच्या लायसनची फी भरली गेली. या लहान कंपनीच्या सत्तर माणसांच्या पंख्याच्या विमानात ती आठ वर्षं सहवैमानिक होती. कॅप्टन व्हायला कंपनीची तासांची अट होती. ती जवळ आली, की अट पुढे सरकायची. दीड हजार झाले, तर दोन हजार करा म्हणाले. दोन हजार आता सव्वीस तासांवर आले, तर तिला उचलून मागे बसवलं.

कारण कंपनी तयार कॅप्टन बाहेरून आणत होती. घरच्या माणसाला शिकवायला वेळ लागतो, खर्च लागतो. बाहेरून आलेला कॅप्टन सुरुवातीला प्रशिक्षकाच्या शेजारी बसून उडवतो, आणि तोवर दोघांच्या पाठीमागे, घडीच्या सीटवर, तिसरा वैमानिक लागतो. काही चुकलं तर ओरडायला. हे काम सर्वांत अनुभवी सहवैमानिकाला देतात. म्हणजे कॅप्टनची चूक धरण्याइतका काजलचा अनुभव होता. कॅप्टन होण्याइतका नव्हता. कॅप्टनचा पगार तिच्या अडीचपट, आणि मागच्या सीटवर तर तिला उड्डाणभत्ताही नाही. असला न्याय कोणत्या शाळेत शिकवतात, हे तिला आठ वर्षांत कळलं नव्हतं.

त्या दिवशीचा नवा कॅप्टन अभिजीत. रामदासपेठेतल्या डॉक्टरांचा मुलगा. चार वर्षांपूर्वी तो इथेच शिकाऊ म्हणून लागला, तेव्हा टॉवरशी बोलताना त्याची जीभ अडखळायची. काजलने त्याला कॅन्टीनमध्ये बसवून एकेक वाक्य घोटून घेतलं होतं. मग तो मोठ्या कंपनीत गेला आणि आता कॅप्टनच्या डाव्या सीटवर परत आला.

"ताई, तुम्ही मागे आहात म्हणजे मला टेन्शन नाही," तो म्हणाला. तो मनापासून बोलला होता. तेच तिला जास्त लागलं.

सातपुड्यापलीकडच्या एका लहान धावपट्टीवर उतरताना प्रशिक्षक कॅप्टन केशव पौनीकर रेडिओवर बोलत होते. विमानाचा वेग उतरू लागला.

"स्पीड," काजल म्हणाली.

अभिजीतने मान हलवली. हात हलला नाही.

"स्पीड."

खाली शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या एकेक वेगळ्या दिसू लागल्या होत्या. पौनीकरांचं अजून लक्ष नव्हतं.

"गो अराउंड," काजल म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, पण तो आवाज ऐकून दोघांचेही हात एकदम पुढे गेले. इंजिनं गरजली, नाक वर झालं, आणि विमान धावपट्टीवरून तसंच निघून गेलं.

पौनीकरांनी घाम पुसला आणि माइक हातात घेऊन प्रवाशांना सांगितलं, की धावपट्टीवर कुत्रं आल्यामुळे आपण पुन्हा एक फेरी मारत आहोत. दुसऱ्या वेळी अभिजीतने विमान नीट उतरवलं.

दुपारी नागपूरला परतल्यावर पौनीकरांनी अहवाल भरून तिच्यापुढे सरकवला. 'कुत्र्यामुळे उतरणे रद्द. मागील वैमानिकास बोलावे लागले काय? नाही.'

"सही कर, काजल."

"सर, कुत्रं कुठं होतं?"

"असते वं कुठंतरी. कुत्र्याची काय कमी हाये?"

"मले नाही दिसलं."

"तू मागं बसली होती. तुले कसं दिसन?"

अभिजीत आपल्या बुटांकडे पाहत होता. पौनीकरांनी खुर्ची जवळ ओढली.

"पाह्य, 'हो' लिहिलं तं या पोराच्या झालेल्या साऱ्या फेऱ्या बाद होतीन. पुन्हा पहिल्यापासून. तू सही कर, मी आत्ता वर फोन लावतो. उद्यापासून तू पुढच्या सीटवर. सव्वीस तास सहा दिवसांत होऊन जातीन, यादीत नाव. माहा शब्द."

"आणि नाही केली तं?"

"तं पोरगं पुन्हा शिकन. त्याच्या मागं कोणीतरी लागनच ना बसायले."

"विमानातल्या यंत्रात तं सगळं उमटलंच असन, सर."

"ते यंत्र रोज कोण उघडते?"

आठ वर्षांत काजल कुणाला उलट बोलली नव्हती. तिने पेन उचललं. 'नाही' खोडून 'हो' लिहिलं. पुढे लिहिलं, 'तीनदा बोलले. कुत्रं नव्हतं.' खाली सही केली आणि लायसनचा नंबर टाकला.

"वा," पौनीकर म्हणाले. "साध्वी बाई हायेस. विमान काहून उडवतं, देवळात बस ना."

गेटपाशी अभिजीत धावत आला. "ताई, मीच लिहिणार होतो."

"मंग लिहायचं होतं."

"सरांसमोर कसं..."

"मी मागं बसली होती, खरं हाये," ती म्हणाली. "पण माह्याही मागं सत्तर लोकं बसले होते ना, अभिजीत. त्यायले कुठं माहीत होतं, पुढं कोणाची काय अडचण हाये?"



घरी तिच्या वडिलांनी, भैयाजींनी, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते कुत्रं तरी कसं होतं? काळं का पांढरं?"

"बाबा."

"नाही, विचारून राहिलो. सरकारी कागदात आलं म्हणजे रंग पायजे." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "आमच्यातही असंच होतं. डागी लुगडं असलं का डाग घडीच्या आत टाकाचा आन् विकाचं. आपल्या गल्लीतल्या बाबारावनं तसे विकले, त्याची तीन मजली बिल्डिंग हाये. मले नाही जमलं."

"पश्चात्ताप होते?"

"महिन्यातून एकदा," भैयाजी म्हणाले. "बिल आलं का."

संध्याकाळी साडेसातला काजलच्या फोनवर दोन निरोप आले. पहिला गोविंदाचा: उद्या मागची सीट, परवाही, पुढचा आठवडाभर. खाली त्याने स्वतःचं जोडलं होतं, 'मॅडम, मी फक्त टाइप केलं.' दुसरा कंपनीचा: तासांची अट महिनाअखेर पूर्ण करू न शकणाऱ्यांचा विचार यंदा होणार नाही.

त्या दिवशी संकष्टी होती. काजलची आई अनुसयाबाई सकाळपासून उपाशी होत्या. आठ वर्षं दर संकष्टीला त्या गच्चीवर जाऊन चंद्राला अर्घ्य द्यायच्या आणि पुटपुटत एकच मागणं मागायच्या: काजल कॅप्टन होऊ दे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. पावणेनऊला त्या तांब्या आणि दुर्वा घेऊन वर आल्या. काजल आधीच कठड्यापाशी उभी होती. नाईक तलावाच्या बाजूने चंद्र घरांच्या टाक्यांवर चढत होता.

"समजलं मले," अनुसयाबाई म्हणाल्या. "बाबांनी सांगितलं."

"रागावली का तू?"

"रागावली. तुयावर नाही." त्यांनी पदर डोक्यावर घेतला. "आज काय मागू वं मंग, काजल?"

"आई, तू जेवून घे," ती म्हणाली. "सकाळपासून पाण्यावर हायेस."

अनुसयाबाईंनी अर्घ्य सोडलं. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पाणी पसरलं आणि सुकत गेलं. त्या हात जोडून उभ्या राहिल्या, दरवेळेपेक्षा जास्त वेळ. काजल त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. ओठ हलत नव्हते.